रस्ता सर्वांचा, मग पायी चालणारा बहिष्कृत का?

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. पायी चालणाऱ्याला वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा भारतीय राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने स्पष्ट शब्दांत सांगितले. पदपथ नसेल तर माणूस नाइलाजाने रस्त्यावर उतरतो आणि गाडीखाली येतो, म्हणून राज्यांनी पदपथांबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार करावीत, अपंगांनाही ते पदपथ वापरता आले पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. कोईमतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेत हा आदेश झाला. मोडलेली हाडे जोडता जोडता हाडे मोडतातच कशाला, असा प्रश्न एका डॉक्टरला पडला आणि तो न्यायालयात गेला. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने राज्यांना मोटार वाहन कायद्याखाली पादचाऱ्यांसाठी नियम करायला सहा महिन्यांची मुदत घालून दिली. वृत्तपत्रांत बातमी आतल्या पानावर आली आणि विरून गेली. आमच्या वस्त्यांत तर तिची चर्चाही झाली नाही. ती व्हायला हवी होती, कारण हा प्रश्न आमच्याइतका दुसऱ्या कोणाचाही नाही.

न्यायालयाने कलम २१ चा आधार घेतला, ते योग्यच झाले. पण आम्ही वाचकांचे लक्ष आणखी एका कलमाकडे वेधू इच्छितो. कलम १५ चा दुसरा भाग उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला कशाच्या वापरापासून रोखता येणार नाही, याची तिथे यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि त्यांच्याच पंगतीत रस्ते! दुसऱ्या एखाद्या देशाच्या घटनाकाराला रस्त्याचा वापर हा मूलभूत हक्क म्हणून लिहावा लागला असता का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या समितीचे अध्यक्ष होते त्या मसुदा समितीला तो लिहावा लागला, कारण या देशात रस्ता कधीच सर्वांचा नव्हता. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, तो रस्त्यावर चालायच्या परवान्याचा दरच होता. १८९३ साली त्रावणकोरात अय्यंकाली बैलगाडी घेऊन सार्वजनिक रस्त्यावर निघाले, तेव्हा ते बंड ठरले. १९२४ चा वायकोम सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी झाला नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी झाला होता. वीस महिने लढून त्यातले तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा तसाच राहिला. आणि महाड? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यापर्यंतचे अंतर पायी चालूनच गाठले गेले आणि परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींना महाडच्या रस्त्यांवरच गाठून मारहाण झाली. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले होते. कागदावर खुले असलेले प्रत्यक्षात कसे बंद असते, हे आम्हाला नव्याने कोणी शिकवायला नको.

वकील मंडळी म्हणतील, कलम १५ जातिभेदाविषयी आहे, पदपथाचा त्याच्याशी काय संबंध? कायद्याच्या भाषेत त्यांचे म्हणणे बरोबर असेल. आम्ही विचारतो ते एवढेच की, आजच्या शहरात पायी चालतो कोण?

मुंबई महानगर प्रदेशाची २००५ ते २००८ च्या दरम्यान मोठी वाहतूक पाहणी झाली. पायी फेऱ्या धरल्या तर निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होतात, असे तीत दिसून आले. म्हणजे मुंबई ही मोटारींची नगरी नाही, ती चालणाऱ्यांची नगरी आहे. आणि हे चालणे म्हणजे शिवाजी पार्कला फेऱ्या मारून वजन उतरवणे नव्हे. पहाटे पाचला झाडू घेऊन मुख्य रस्त्याच्या कडेला वाकणारी सफाई कामगार बाई, चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी निघालेली आमची भगिनी, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, महापालिकेच्या शाळेत जाणारे पोर, हे सारे चालतात. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा रुपये झाले. ज्याला दहा रुपये म्हणजे काहीच वाटत नाही त्याला हे कळणार नाही. पण जाताना दहा, येताना दहा आणि घरात कामाला जाणारी तीन माणसे असली की दोन थांबे चालत जायचे, असे ठरते. चालणे ही त्यांची आवड नाही, तो घरखर्चाचा हिशेब आहे. आणि अशा घरांत कोणत्या समाजाची घरे जास्त भरतात, हे सांगायला कोणत्या आयोगाची गरज आहे?

आता मरणाचा हिशेब पाहा. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. रोजचे जवळजवळ नव्वद! मोटारीत बसून मेलेल्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. एखादे विमान पडले तर देश आठवडाभर शोक करतो. इथे दर दोन दिवसांना एका विमानाची माणसे रस्त्यावर पडतात आणि पोलीस ठाण्याच्या डायरीत ‘अज्ञात वाहनाने ठोकरले’ एवढी एक ओळ लिहिली जाते. वाहन अज्ञात, मेलेलाही बहुतेक वेळा अज्ञातच.

मेलेला कोण आहे यावर समाजाचा संताप किती हे ठरते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि देश पेटून उठला. तो उठायलाच हवा होता. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याजवळच्या वाघोलीत पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघे मेले, त्यांत दोन लहान मुले. पोटासाठी अमरावतीकडून आलेली ती माणसे होती. त्यांच्यासाठी किती मेणबत्त्या पेटल्या? २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. खालच्या न्यायालयाने आरोपीला सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात माणसे आणि तीन वर्षे. वर ‘पदपथ झोपायची जागा आहे का?’ असे शहाणपणाने विचारणारेही त्या वेळी होते. पदपथ झोपायची जागा नाही हे आम्हालाही कळते. मग ती मोटार चालवायची जागा आहे का?

शहरे अशी झाली त्याला योगायोग कारणीभूत नाही, ती ठरवून तशी बांधली गेली. नव्वदच्या दशकात मुंबईत ५५ उड्डाणपुलांची घोषणा झाली. ते पूल कोणासाठी? त्यांवरून पायी जाता येत नाही. २००८ पासून एमएमआरडीएने स्कायवॉकचे पेव फोडले. कल्पना अशी की रस्ता मोटारींना मोकळा सोडायचा आणि माणसांनी जिने चढून आकाशातून चालायचे! गुडघे दुखणाऱ्या म्हातारीने, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईने, कुबड्या घेतलेल्या माणसाने काय करायचे, याचा विचार ज्यांनी करायचा ते स्वतः कधी ते जिने चढणार नव्हते. वांद्रे पूर्वेचा पहिलावहिला स्कायवॉक पुढे पाडावा लागला. एकीकडे सुमारे चौदा हजार कोटी रुपये ओतून सागरी किनारा रस्ता झाला. त्यावर टोल नाही. चालणाऱ्याला मात्र रेल्वेचा पूलही धड मिळाला नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे मेली. मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल चालणाऱ्यांसह कोसळला. पुलावरून जाणाऱ्याची जात कोणी विचारली नव्हती, हे खरेच. पण त्या गर्दीतून रोज जाण्यावाचून ज्यांना गत्यंतर नसते, त्यांच्यासाठी पूल रुंद करायला सरकारला वेळ का मिळत नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्ही राहणार नाही.

पदपथ कसा असावा याचे शास्त्र काही गुपित नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींचे निकष छापून ठेवले आहेत. चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. वाचकांनी घरातली टेप घेऊन आपल्या नाक्यावर जावे आणि मोजून पाहावे. विजेचा डीपी, जाहिरातीचा खांब, झाडाचा पार, दुकानाची पायरी आणि आडवी लावलेली मोटारसायकल वजा केली की १.८ मीटरपैकी किती उरते? पेव्हर ब्लॉक दरवर्षी उखडतात आणि दरवर्षी बसतात. त्यात कोणाचे पोट भरते हे सर्वांना ठाऊक आहे. चालणाऱ्याचा पाय मात्र मोडतो.

या अन्यायाविरुद्ध शहरांत काही नागरिक काम करीत आहेत, याची नोंद आम्ही आनंदाने घेतो. पुण्यात ‘परिसर’, ‘पादचारी प्रथम’ यांसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, त्यात या रेट्याचा वाटा आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद असतो. चांगले आहे. पण जंगली महाराज रस्त्यावरून ताडीवाला रोडला किंवा येरवड्याच्या वस्त्यांत या, म्हणजे धोरणाची हद्द कुठे संपते ते कळेल. रुंद पदपथ तिथे झाले जिथे खरेदीला जाणारे चालतात. कामाला जाणारे जिथे चालतात तिथे गटाराच्या फरश्यांवरून तोल सांभाळत जायचे!

आणि इथेच आमचा या चळवळीशी खरा वाद आहे. तो शत्रुत्वाचा नाही, पण स्पष्ट बोलले पाहिजे.

पदपथ मोकळे करा, अशी मागणी झाली की महापालिकेला पहिल्यांदा कोण दिसतो? फेरीवाला. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येते, भाजीची पाटी उचलते, चहाची टपरी मोडते, चप्पल शिवणाऱ्या चर्मकार बांधवाचे ऐरण-हातोडा घेऊन जाते. फोटो छापून येतो, ‘पदपथांनी घेतला मोकळा श्वास’. दुसऱ्या दिवशी त्याच मोकळ्या जागेवर एक मोटार उभी असते. चर्मकाराची बैठक दोन हात जागा घेते, उभी मोटार कितीतरी पट घेते, आणि रात्रंदिवस घेते. तो दंड भरतो, हप्ता भरतो, वर चोरही ठरतो. मोटारवाला मात्र ‘पार्किंगची सोय नाही’ असे गाऱ्हाणे मांडतो आणि प्रशासन त्याच्या दुःखात सामील होते. एकाचे अतिक्रमण हा गुन्हा आणि दुसऱ्याचे अतिक्रमण ही समस्या! हा भेद कायद्याने केलेला नाही, तो मनात आहे, आणि त्याचे मूळ कुठल्या ग्रंथात आहे हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २५ डिसेंबर १९२७ ला तो महाडला जाळला गेला.

कायदा फेरीवाल्याच्या बाजूचा आहे. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहणाऱ्यांना हटवता येईल असेच म्हटले, पण रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो आणि नोटीस दिल्याशिवाय कोणाला उठवता येणार नाही, हेही त्याच निकालाने सांगितले. पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आधी पाहणी करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कोणाला उठवू नका, असे तो म्हणतो. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेते सामावून घ्या, असे तो म्हणतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना प्रतिनिधित्व असावे, असेही तो म्हणतो. आता मुंबईचे पाहा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर विक्रेते. २०१४ साली पाहणी झाली आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत सुमारे ३२ हजार नावे होती. बाकीचे कुठे गेले? ते रस्त्यावरच आहेत, फक्त कागदावर नाहीत. कागदावर नसलेल्या माणसाकडून हप्ता घेणे सोपे असते.

म्हणून चांगल्या मनाने पदपथासाठी झटणाऱ्या नागरिकांना आम्ही सांगतो, तुमची लढाई मोटारीशी आहे, पाटीवालीशी नाही. दिवे असलेल्या, माणसांची वर्दळ असलेल्या पदपथावरून रात्री दहाला घरी जाणारी मुलगी निर्धास्त चालते ती त्या चणेवाल्याच्या, भजीवाल्याच्या सोबतीने. तो उठवला की रस्ता मोकळा होतो आणि निर्जनही होतो. १.८ मीटर चालायला सोडा, त्यापलीकडे विक्रेत्याला आखून जागा द्या. रस्त्याची रुंदी मोटारीच्या पार्किंगमधून काढा, गरिबाच्या पोटातून काढू नका.

जागा नाही, ही सबबही आम्हाला मान्य नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या वेळी शिवाजी पार्कच्या परिसरातले रस्ते वाहनांना बंद होतात, पार्किंग हटते आणि दादरहून निघालेला भीमसागर शिस्तीने चालत जातो. म्हातारे असतात, कडेवरची पोरे असतात, खेड्यातून पहिल्यांदा आलेली माणसे असतात. काही वृत्तपत्रांना त्या दिवशी फक्त वाहतूक कोंडी दिसते. आम्हाला दिसते ते असे की, ठरवले तर मुंबईचे रस्ते माणसांना देता येतात. मग उरलेले ३६४ दिवस का देता येत नाहीत?

आता थोडे आपल्या माणसांविषयी. आमच्या नगरसेवकांनी वस्तीत कमान उभारली, समाजमंदिर बांधले, आतल्या गल्ल्यांत काँक्रीट टाकले. त्याबद्दल तक्रार नाही. पण वस्तीतून हमरस्त्यावर पडणाऱ्या तोंडाशी सिग्नल नाही, झेब्रा पट्टे पुसले गेले, शाळेची पोरे डिव्हायडरवरून उड्या मारतात, याबद्दल किती जणांनी सभागृहात तोंड उघडले? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. भीमनगर, समतानगर अशी नावे आली, पाट्या बदलल्या. पाटीपर्यंत पोचायचा पदपथ मात्र आला नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकांचेच राज्य होते, तेव्हा विचारायला नगरसेवकही नव्हता. त्या काळात किती पैसा कुठल्या रस्त्यांवर गेला, हे माहितीच्या अधिकारात मागण्यासारखे आहे.

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. आपल्या साहेबांना पायी न्यावे हे वस्तीतल्या माणसांना पटेना, म्हणून त्यांनी टांगा घेतला आणि सवय नसलेल्या माणसाने तो हाकला. मोरीवर चाक अडकून बाबासाहेब फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. अपघाताच्या नोंदीत अशा वेळी चालकाचे अज्ञान लिहिले जाईल. बाबासाहेबांनी मात्र त्यामागची अस्पृश्यता लिहून ठेवली. अपघात वाचायचा तो असा.

तेव्हा प्रत्येक वस्तीतल्या तरुण मंडळाने, महिला मंडळाने, बुद्धविहाराच्या समितीने येत्या रविवारी एवढे करावे. विहारापासून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत आणि बसथांब्यापर्यंत चालत जावे. पदपथ कुठे तुटला, मॅनहोल कुठे उघडे आहे, सिग्नल किती सेकंद सुटतो, म्हातारा माणूस तेवढ्यात पलीकडे पोचतो का, हे वहीत लिहावे, फोटो काढावेत. सोबत नाक्यावरच्या विक्रेत्यांनाही घ्यावे, त्यांची नावे पाहणीत आहेत का ते विचारावे. मग १४ मे २०२५ च्या आदेशाची प्रत जोडून वॉर्ड ऑफिसात सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने कोणी मेले तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे, त्याचाही उल्लेख अर्जात असावा. पोच घेतलेला कागद पुढे न्यायालयात कामाला येतो. अर्जाची एक प्रत आमच्या कार्यालयाकडे पाठवावी, आम्ही ती वस्तीच्या नावासह छापू.